भोजनव्यवस्था, काँग्रेस अधिवेशनातील

निरनिराळ्या प्रांतांतील प्रतिनिधींचे आहार व सोवळे यांचे नियम सांभाळणे, ही काँग्रेस अधिवेशनाच्या यजमानांची एक जबाबदारी असे. १९०१ साली दिनशा वाच्छा यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता येथे भरलेल्या अधिवेशनात तमिळ प्रतिनिधींसाठी रिपन कॉलेजच्या आवारात तट्ट्यांनी बंदिस्त केलेले स्वतंत्र स्वयंपाकघर होते. कारण जेवताना इतरांची दृष्टी पडणेही ते विटाळ मानीत. स्वयंपाक, भोजन व हात धुणे त्याच कोंदट जागेत चाले. प्रतिनिधींतच एवढी शिवाशिव, तर ते ज्यांचे प्रतिनिधी त्या समाजात ती किती असेल, असा विचार महात्मा गांधींनी आत्मकथेत नोंदविला आहे. आहारभेदाची सोय एका पंक्तीतही करता येते. विटाळाच्या कल्पनेस मात्र वेगळी पंक्तीच लागते. सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये केरळमधील चेराई येथे घडवून आणलेल्या मिश्रभोजनाने या कल्पनेलाच आव्हान दिले.