सहकाऱ्याची पारख : मँचेस्टरचे प्राध्यापक रेव्हन्स

‘सहकाऱ्यांचा अभिप्राय’ म्हणजे काय, हे आपल्या डॉक्टर सभासदांना सांगायला नको. डिसेंबर २०१२ पासून इथल्या प्रत्येक डॉक्टरला पाच वर्षांतून निदान एकदा तो गोळा करावा लागतो. प्रश्न परवान्याचा असल्याने धाकधूक असतेच. पण सहकाऱ्यांनी एकमेकांना पारखण्याची एक वेगळी रीत आपल्याच शहरात प्राध्यापक असलेल्या एका गृहस्थांनी घालून दिली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

रेज रेव्हन्स (१९०७–२००३) मूळचे पदार्थवैज्ञानिक. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये लांब उडीतही उतरले होते! केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी रदरफर्ड यांच्या बैठका पाहिल्या. तिथे नोबेल मिळवलेली माणसेही आपले कुठे अडले आहे ते मोकळेपणाने सांगत. (रदरफर्डही १९०७ ते १९१९ मँचेस्टरचेच.) पुढे नॅशनल कोल बोर्डात शिक्षणप्रमुख असताना रेव्हन्स यांनी हाच धडा खाण-व्यवस्थापकांपुढे ठेवला : तज्ज्ञांच्या व्याख्यानांपेक्षा एकमेकांच्या अडचणींतून शिका.

१९५५ मध्ये ते मँचेस्टरला औद्योगिक प्रशासनाचे पहिले प्राध्यापक झाले. या भागातल्या रुग्णालयांचा त्यांनी केलेला अभ्यास १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आला. जिथे वरिष्ठ परिचारिकांचे ऐकून घेत, तिथे परिचारिका टिकत. आणि जिथे त्या टिकत, तिथे रुग्णही लवकर बरे होऊन घरी जात, असे त्यांना दिसले. म्हणजे दोष एकेकट्या मुलीत शोधून भागत नव्हते, सारी यंत्रणा एकत्र पाहावी लागत होती. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातले हे सर्वांत मोलाचे.

१९६५ मध्ये, बिझनेस स्कूल उभे राहत असतानाच, त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि ते बेल्जियमला गेले. तिथे एका उद्योगातला अधिकारी दुसऱ्याच उद्योगातला प्रश्न सोडवायला पाठवला जाई. नवखा माणूस साधे प्रश्न विचारतो, आणि त्यातूनच गाठ सुटते!

या रीतीला ‘अॅक्शन लर्निंग’ म्हणतात. चार-सहा सहकारी ठरावीक दिवसांनी समोरासमोर बसतात. निनावी काही नसते, गुणही नसतात. गेल्या खेपेला काय करायचे ठरवले होतेस, केलेस का, आणि नसेल तर तुला कोणी किंवा कशाने अडवले, हे बाकीचे विचारतात. पुढच्या बैठकीत तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात.