मेरुरज्जू-स्नायुक्षय
(स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, एसएमए). स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या मेरुरज्जूतील चेतापेशी मरत गेल्याने स्नायू दुबळे व कृश करणारा आनुवंशिक रोग. सुमारे १०,००० जन्मांमागे एका बालकाला होतो. बुद्धीला धक्का लागत नाही. अंग लुळे पडलेल्या बाळाचे डोळे मात्र घरभर फिरत असतात.

तीव्रता कमालीची वेगवेगळी असते. पहिल्या प्रकारात सहा महिन्यांच्या आतच लक्षणे दिसतात : बाळ मान धरत नाही, रडणे क्षीण होते, श्वास पोटाने चालतो. उपचार नसताना अशी बहुतेक मुले दोन वर्षांच्या आत दगावत किंवा कायमची श्वसनयंत्रावर जात. दुसऱ्या प्रकारातील मूल बसते, पण स्वतःहून चालत नाही. तिसऱ्यातील चालते, पुढे जिना चढणे, जमिनीवरून उठणे जड जाते. चौथा प्रौढपणी उद्भवतो.

वेर्डनिग (१८९१) व होफमान यांनी वर्णिलेला तान्ह्या मुलांचा रोग आणि कुगेलबर्ग व वेलँडर यांनी १९५६ मध्ये नोंदवलेला सौम्य रोग एकच, हे पटायला जनुकशास्त्र यावे लागले. १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने पाचव्या गुणसूत्रावरील ‘एसएमएन-१’ जनुक शोधले. आई व वडील दोघांकडून त्याची सदोष प्रत आली तरच रोग होतो. आईवडील स्वतः निरोगी वाहक असतात. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, पण वाहक इतके आहेत की नाते नसलेल्या घरांतही तो आढळतो.

तीव्रतेची किल्ली शेजारच्या ‘एसएमएन-२’ या जवळजवळ जुळ्या जनुकात आहे. एका अक्षराच्या फरकामुळे त्यापासून पूर्ण लांबीचे प्रथिन जेमतेम दहा टक्के बनते. मात्र त्याच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात : पहिल्या प्रकारात बहुधा दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात तीन-चार. तरी प्रतींची संख्या म्हणजे कुंडली नव्हे. सारख्याच प्रती असलेल्या भावंडांतही फरक आढळतो. प्लास्टिन-३ सारखी इतर जनुकेही त्यात हात घालतात.

या रोगावरील न्युसिनर्सेन हे औषध (२०१६), एकमात्रेची जनुकोपचार पद्धती (२०१९) व तोंडाने घ्यायचे रिस्डिप्लाम (२०२०) यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२१ मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या जनुकोपचारासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभे राहिले. केंद्राच्या दुर्मीळ रोग धोरणातील साहाय्याची मर्यादा पुढच्या वर्षी ५० लाखांवर गेली. मेलेल्या चेतापेशी परतत नसल्याने लक्षणांपूर्वीचे उपचार सर्वांत गुणकारी ठरतात. लवकर औषध मिळालेली ‘पहिल्या प्रकारची’ काही मुले आता बसतात, क्वचित चालतातही. त्यामुळे प्रकाराच्या आकड्यापेक्षा ‘बसणारे’, ‘चालणारे’ अशी नोंद करण्याकडे डॉक्टरांचा कल आहे.