हेल्गोलँडचा परीट

ऑक्टोबरात माणसाने घरी बसून चकलीचे पहिले घाणे चाखावेत, असे माझे साधे मत. पण हँबुर्गच्या भाच्याने "मामा, पक्ष्यांच्या स्थलांतराचा सीझन आहे" म्हणत आम्हा उभयतांना हेल्गोलँडच्या बोटीत घातले. बेट जकातमुक्त आहे म्हणतात. उत्तर समुद्राने मात्र वाटेतच माझी न्याहारी वसूल केली.

मुख्य बेट म्हणजे जेमतेम एक चौरस किलोमीटरचा तांबडा खडक. रात्रभर उडून दमलेल्या पाखराला एवढ्या पाण्यात टेकायला हाच एक ओटा. म्हणून वसंतात आणि शरदात इथे ही झुंबड.

"पूर्वी लोक एवढ्या पाखरांचं काय करत?" मी विचारले.

"खात," भाचा म्हणाला. उघड्या खडकावर झाडे कुठली? बेटकरी परसात फांद्या रोवून खोटे झुडूप उभारीत नि जाळे लावीत. आसऱ्याला शिरलेले कस्तूर थेट सुपात निघत.

"आणि मसाला?" सौ.ने चौकशी केली. भाचा हल्ली शाकाहारी आहे. तो समुद्राकडे बघू लागला.

बेट इंग्रजांचे असताना, 1837 साली, हाइनरिश गेटके हा चित्रकार समुद्र रंगवायला आला आणि पाखरांत अडकला. गव्हर्नरचा सेक्रेटरी झाला, पन्नासहून अधिक वर्षे नोंदी केल्या, 1891 साली जाडजूड ग्रंथ काढला. त्यात एक फर्मास चूक आहे. वसंतातली निळकंठी वाटेत कुणाला दिसत नाही, तेव्हा ती आफ्रिकेतून एका रात्रीत इथे पोचत असणार, असा त्याचा हिशेब. आमचा दूधवालाही मला कधी दिसत नाही. म्हणून तो विमानाच्या वेगाने येतो असे मी म्हणत नाही. पण नोंदी ठेवाव्यात तर गेटकेने.

1890 साली झांजिबारवरच्या हक्काच्या बदल्यात इंग्रजांनी बेट जर्मनीला देऊन टाकले. 1910 साली ह्यूगो वायगोल्डने पक्षी-केंद्र काढले. त्या खाऊ झुडपावरूनच पुढे जाळीचा निमुळता बोगदा सुचला; त्यात शिरलेले पाखरू सुपाऐवजी पायात कडे घालून बाहेर पडते. जगभर त्याला 'हेल्गोलँड ट्रॅप' म्हणतात. बर्लिनला शिकत असताना, 1929-30च्या सुमारास, आपले सालिम अलीसुद्धा कडी चढवण्याचा अनुभव घ्यायला इथे येऊन गेले. नंतर किहीमला सुगरणींचा संसार न्याहाळणारे तेच.

संध्याकाळी भाच्याने बेटाचा ढासळलेला भाग दाखवला. 18 एप्रिल 1945 रोजी विमानांनी बेट भाजून काढले, बेटकऱ्यांना घरे सोडावी लागली. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, लष्करी तळ नष्ट करण्यासाठी इंग्रजांनी सुमारे 6,700 टन स्फोटके एकदम उडवली. नंतर बॉम्ब टाकण्याचा सराव. 1 मार्च 1952 रोजी बेट परत मिळाले. मधल्या शरदांत पाखरे आलीच असतील. आसऱ्याचे झुडूप नव्हते, नि मोजणारा घरी नव्हता. सौ.ने मसाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सकाळी भाचा सायबेरियातल्या कुठल्याशा चिमुकल्या वटवट्यासाठी कुंपणाशी उकिडवा बसला होता. माझ्यापुढे एक परीट शेपूट हलवत आला.

"अहो, हा तर आपल्या गच्चीवरचा!" सौ. ओरडली.

"मामी, हा दक्षिण युरोपकडे चाललाय, दादरला नाही." भाच्याने वहीत 'परीट – 1' लिहिले.

मी त्याला पुढे 'ओळखीचा' असे लिहायला लावले.