चुका शोधणाऱ्यांची नोकरी

खेळण्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर कोणाचेही कान टवकारतील. प्रत्यक्षात व्हिडिओ गेमच्या टेस्टरचं काम म्हणजे एकाच भिंतीवर सगळ्या बाजूंनी धडका मारायच्या, गेम नेमका कशाने अडकला ते क्रमवार लिहायचं, आणि दुरुस्ती झाली की पुन्हा पहिल्यापासून तेच. मला या पेशाच्या इतिहासात रस आहे तो एका प्रश्नामुळे: गेममधल्या चुकीची किंमत कोण मोजतं?

१९७२ साली अटारीने 'पाँग'चं यंत्र कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला. तेव्हा टेस्टर म्हणजे गिऱ्हाईकच. पगार दूरच, उलट तोच नाणं टाकत होता. १९८०च्या 'पॅक-मॅन'मध्ये २५६वी पातळी गाठली की अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरतो, कारण पातळीचा आकडा आठ बिटांत मावत नाही. तिथवर कोणी पोचेल असं बनवणाऱ्यांना बहुधा वाटलंच नसावं.

गेम कार्ट्रिजमधून घरोघरी गेले आणि चूक महाग झाली, कारण चिपवर गेलेली चूक मागे घेता येत नाही. १९८२ साली नाताळचा बाजार गाठण्यासाठी 'ई.टी.' बनवायला हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. लोकांना खेळायला देऊन पाहणं वगळलं गेलं. खेळणारे खड्ड्यांत पडत राहिले. न खपलेली कार्ट्रिजं पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरली गेली. एकट्या 'ई.टी.'ने अटारी बुडाली नाही, पण न तपासलेल्या मालाचं काय होतं हे साऱ्या धंद्याला दिसलं.

तरीही तपासणाऱ्याची नोकरी कच्चीच राहिली. वर्षानुवर्षं 'तात्पुरते' राहिलेल्या कामगारांनी १९९२ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. त्यांत सॉफ्टवेअर टेस्टरही होते. २००० साली ९.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने त्यातून काढलेली वाट अशी: ३६५ दिवस भरले की कंत्राटी माणसाला १०० दिवसांची सक्तीची सुट्टी. २४० दिवस भरण्याआधी 'ब्रेक' देणारे ठेकेदार पाहिलेल्या आपल्या कामगारांना हे गणित समजावून सांगायला नको.

पुढे इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवता येऊ लागली. चूक स्वस्त वाटू लागली, तसा टेस्टरही. डिसेंबर २०२० मध्ये सोनीने 'सायबरपंक २०७७' आपल्या दुकानातून काढून घेतला, तेव्हा ती तितकी स्वस्त नसल्याचं कळलं.

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरने १२ कंत्राटी टेस्टरना कमी करायचं ठरवलं आणि सहकाऱ्यांनी काम बंद केलं. मे २०२२ मध्ये तिथल्या टेस्टरनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. त्याआधीच, एप्रिलमध्ये, मालक कंपनी अॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने सुमारे १,१०० टेस्टरना कायम करून किमान ताशी २० डॉलर देण्याचं जाहीर केलं होतं. रेव्हनच्या लोकांना मात्र ती पगारवाढ तेव्हा मिळाली नाही.

पुण्यातल्या युबीसॉफ्टच्या स्टुडिओतही गेम तपासले जातात, म्हणजे ही गोष्ट सातासमुद्रापारची नाही. टेस्टरने काम चोख केलं तर दाखवायला काहीच उरत नाही. सापडलेली चूक गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, म्हणून तिची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. मग आपला मोबदला मागायला या लोकांना एकत्र यावं लागतं, यात मला नवल वाटत नाही.