एका बीची दोन नावं

शस्त्रक्रिया आटोपत आली की स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरवायला भूलतज्ज्ञ पुष्कळदा नियोस्टिग्मिन टोचतात. मायस्थेनियाच्या रुग्णांना पायरिडोस्टिग्मिन देतात, स्मृतिभ्रंशात रिव्हास्टिग्मिन. या तिन्ही नावांच्या शेवटी येणारं ‘स्टिग्मिन’ एका फुलाकडून आलं आहे, आणि त्याच्या मागे एक गैरसमज आहे.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागात, एफिक लोक एका वेलीच्या बीला ‘एसेरे’ म्हणत. चेटूक केल्याचा आळ आलेल्या माणसाला ही बी खाऊ घालत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलेल्या पाच दिव्यांत विषाचंही दिव्य आहे. तेव्हा ‘दिव्य करणे’ हा शब्दप्रयोग सांभाळणाऱ्या आपल्या भाषेला हा न्याय परका नाही. १८५५ साली एडिंबरात विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी ही बी स्वतः खाऊन पाहिली. जीव कासावीस होऊ लागला तेव्हा दाढीचं पाणी पिऊन त्यांनी उलटी काढली, म्हणून बचावले.

पुढे त्याच शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ बाल्फर यांनी वेलीचं नाव ठेवलं फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम. ग्रीक ‘फायसा’ म्हणजे फुगलेली पिशवी, ‘स्टिग्मा’ म्हणजे फुलाची कुक्षी. या फुलाच्या कुक्षीवर टोपीसारखा भाग असतो आणि तो आतून पोकळ आहे अशी समजूत झाली होती. प्रत्यक्षात तो भरीव आहे. समजूत गेली, नाव राहिलं. १८६४ मध्ये जोब्स्ट आणि हेसे या जर्मन रसायनतज्ज्ञांनी बीतलं द्रव्य वेगळं काढून त्याला फायसोस्टिग्मिन म्हटलं. लगेच पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये व्हे आणि लव्हाँ यांनी तेच द्रव्य स्फटिकरूपात मिळवलं आणि नाव दिलं एसेरिन.

द्रव्य एकच. परानुकंपी चेतातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन स्रवतं आणि एक विकर ते तत्काळ मोडून टाकतं. एसेरिन त्या विकरालाच अडवतं. ॲसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडात लाळ दाटते, आतडी वळवळतात, हृदयाचे ठोके मंदावतात. धोतऱ्याच्या विषाने नेमकं याच्या उलट घडतं, म्हणून त्यावर हे द्रव्य उतारा म्हणून चालतं.

दोन नावांत मला एसेरिन अधिक न्याय्य वाटतं. बीचा गुण ज्यांनी आधी जाणला, त्यांचा शब्द त्यात आहे. नेत्रवैद्यांनी तो पुष्कळ काळ जपला. पण नव्या औषधांची नावं ठरवताना शेपूट घेतलं गेलं ते फायसोस्टिग्मिनचं, आणि एफिकांचा शब्द मागे पडला.

ब्राझीलच्या जाबोरांडीचंही असंच झालं. या तुपी शब्दाचा अर्थ ‘लाळ गाळायला लावणारं’ असा सांगतात. सिम्फ्रोनियो कुतिन्यो या ब्राझिलियन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात तिची पानं पॅरिसला नेली आणि १८७५ मध्ये तिच्यातलं द्रव्य वेगळं झालं. त्याला नाव मिळालं पिलोकार्पिन, ते पिलोकार्पस या वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून: ‘पिलोस’ म्हणजे लोकरीचा नमदा, ‘कार्पोस’ म्हणजे फळ. फळाच्या रूपाशी औषधाचा काय संबंध? पिलोकार्पिन विकराच्या वाटेला जात नाही; ॲसिटिलकोलिनची जागा घेऊन ते ग्रंथींना थेट चेतवतं. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवायला त्याचे थेंब घालतात. आणि डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन ज्यांचं तोंड कोरडं पडतं, घास गिळवत नाही, त्यांना पिलोकार्पिनच्या गोळ्या देतात, पुन्हा लाळ सुटावी म्हणून.