जट कापणारी माणसं

देवदासी प्रथेचा विषय निघाला की कायद्यांचे दाखले पुढे येतात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली जोगतिणी-मुरळ्या सोडायला बंदी घातली. १९३४ साली मुंबई इलाख्यानं कायदा केला, देवदासीचं लग्नही कायदेशीर ठरवलं. तरी १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली, म्हणजे पोरी सोडणं चालूच होतं.

माझे अब्बा त्या चळवळीतले साधे कार्यकर्ते. प्रा. विठ्ठल बन्ने पुढे असत. पुण्याच्या बाबा आढावांचं नाव घरात सतत निघायचं. बाकीचे सोबती शिक्षक, विडी कामगार, एक एसटी कंडक्टर. आमच्याकडे सतरंजीवर झोपायचे आणि अम्मीच्या भाकऱ्या बांधून पहाटे गावोगाव निघायचे.

केसांचा गुंता होऊन जट धरली की यल्लम्माचं बोलावणं आलं असं समजत. मग पोरीला सौंदत्तीला नेऊन गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधायचं. म्हणून ही मंडळी पिशवीत कात्री आणि खोबरेल ठेवत. आधी गप्पा, मग तेल, कात्री सर्वांत शेवटी. काही बायका दोन-तीनदा परत पाठवत. कापलेली जट मी पाहिलीय. दोरखंडासारखी, जड, आत उवा. ती बाई नंतर कितीतरी वेळ नुसती मान हलवून बघत होती.

"मुसलमानानं आमच्या देवीत कशाला पडायचं?" हा प्रश्न ठरलेला. मोहल्ल्यातही तेच, फक्त "त्यांच्या देवीत". अब्बा म्हणत, "देवीशी माझं भांडण नाही, पोरीच्या बापाशी आहे." तोंडी तलाकाविरुद्ध हमीद दलवाईंचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० पासून बोलत होतं, अब्बांना दोन्ही लढे एकच वाटत. मला तसं वाटत नाही. तलाक दिलेलीला घराबाहेर काढतात. सोडलेलीला घरातच ठेवतात, कारण तिच्या जोगव्यावर आणि देहावर माहेर जगतं.

अडचण तिथंच होती. जट गेली, मंगळवार-शुक्रवारचा जोगवा थांबला, मग खायचं काय? जट कापून घेतलेल्या एकीनं अब्बांना हे तोंडावर विचारलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात कात्रीपेक्षा पेन्शन आणि पोरांची शाळा जास्त यायला लागली.

सौंदत्ती कर्नाटकात. तिथला कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मधल्या वर्षांत मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापूरच्या स्टँडवर जादा गाड्या लागल्या की अब्बा आणि ते कंडक्टर चाचा पत्रकं घेऊन रांगेजवळ उभे राहत. लहान पोर घेऊन चाललेल्या बाईला पत्रक न देता चाचा आधी विचारत, "हिचं तिकीट जातायेतानाचं काढलंय ना?"