बाबागाडी

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नाव: 'माऊ_टप्पे_फायनल_३'. पहिल्या कॉलममध्ये टप्पा (मान धरणे, पालथं पडणे, बसणे, रांगणे, धरून उभं राहणे, चालणे), दुसऱ्यात पुस्तकातला महिना, तिसऱ्यात आमच्या लेकीचा महिना आणि चौथ्यात दोघांतला फरक. फरक दोन महिन्यांच्या वर गेला की सेल आपोआप लाल होतो. हे मीच केलंय. सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात बाळ दिलं की तो त्याचंही स्टेटस रिपोर्ट बनवतो, दुसरं काय!

माऊ आता एकोणीस महिन्यांची आहे. चालत नाही. शीटचा खालचा अर्धा भाग लाल आहे.

बायकोने ती शीट बघून एकच वाक्य उच्चारलं, "हे बंद कर, नाहीतर मी हा लॅपटॉप विकीन." आईचं म्हणणं वेगळं. "तू स्वतः पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत बूड हलवलं नव्हतंस." डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी चालू ठेवा, काही तपासण्या करू, घाबरू नका. 'घाबरू नका' हे वाक्य ऐकल्यावर आजवर कोण घाबरायचं थांबलंय?

तर गेल्या विकांताला आम्ही घरचे सगळे मिळून पाच किलोमीटर पळालो. म्हणजे मी पळालो, बायको भरभर चालली, आई-बाबा गाडीतून पुढे जाऊन पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहिले आणि माऊ बाबागाडीत बसून सगळ्यांना टाटा करत होती. ती फिजिओसाठी जाते त्या केंद्रात काही मुलांना खास खुर्च्या हव्या आहेत, त्यासाठी पैसे गोळा करायचे होते. मित्र, नातेवाईक, हापिसातले सहकारी, कोणी दर किलोमीटरला शंभर रुपये, कोणी पाचशे. एका मित्राने विचारलं, "न पळण्याचे किती घेशील?" :-)

बाबागाडी ढकलत पळताना मला एक जुना फॉरवर्ड आठवला. २००६-०७च्या सुमारास हापिसात असलेल्यांना नक्की आठवेल. एक अमेरिकन बाप आपल्या अपंग मुलाला व्हीलचेअरवर बसवून मॅरेथॉन पळतो, रबरी बोटीत बसवून पोहत ओढतो, सायकलवर पुढे बसवून नेतो, मागे भरून येणारं संगीत, आणि खाली 'दहा जणांना पाठवा'. मी डोळे पुसून, दहा जणांना पाठवून, पुन्हा बिल्ड लावायला गेलो होतो. तेव्हा लग्नही झालं नव्हतं. आता त्या बापलेकांची गोष्ट नीट वाचून काढली, तर लक्षात आलं की फॉरवर्डमध्ये तिचा जेमतेम तिसरा हिस्सा होता. आणि माझ्या मते तोही सगळ्यात महत्त्वाचा नव्हता.

बापाचं नाव डिक हॉइट, मुलाचं रिक. मॅसॅच्युसेट्समधलं कुटुंब. रिकचा जन्म १० जानेवारी १९६२चा. जन्मताना नाळ गळ्याभोवती आवळली गेली, मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि सेरेब्रल पाल्सी झाली. हातपाय ताब्यात नाहीत, बोलता येत नाही. जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा असताना डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं, याला एखाद्या संस्थेत ठेवून द्या, याला काही कळणार नाही. त्या काळी हाच रिवाज होता.

टप्प्यांच्या हिशोबाने बघा. माझ्या शीटमध्ये रिक हॉइट घातला तर सगळी शीट लालभडक. एकही टप्पा नाही. पण त्याच्या आईवडिलांना एक गोष्ट दिसली, जी कुठल्याच कॉलममध्ये नव्हती. आपण खोलीत इकडून तिकडे गेलो की पोराचे डोळे आपल्या मागे फिरतात. एवढ्या भांडवलावर त्यांनी त्याला घरी नेलं.

इथून पुढे फॉरवर्डमध्ये जिचं नाव नव्हतं ती बाई येते. ज्यूडी हॉइट, रिकची आई. घरातल्या वस्तूवस्तूला तिने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सँडपेपरची अक्षरं कापली आणि पोराचा हात त्यांवरून फिरवून त्याला मुळाक्षरं शिकवली. तो शिकला की नाही हे कळायला काहीच मार्ग नव्हता, कारण त्याला उत्तरच देता येत नव्हतं. वर्षानुवर्षं इनपुट देत राहायचं आणि आउटपुट शून्य. आपल्याकडे असा प्रोजेक्ट दोन आठवड्यांत बंद पडतो.

मग कुटुंबाने पैसे जमवले. पाच हजार डॉलर, साल १९७२. (म्हणजे या घरातली पहिली वर्गणी पळण्यासाठी नव्हती, बोलण्यासाठी होती.) टफ्ट्स विद्यापीठातल्या इंजिनियर लोकांकडे ते रिकला घेऊन गेले होते. इंजिनियर म्हणाले, याच्या डोक्यात काही चालू असेल असं वाटत नाही. डिक म्हणाला, त्याला एक विनोद सांगून बघा. त्यांनी सांगितला. रिक खो खो हसला. झालं, यंत्र बनवायचं ठरलं.

हे यंत्र म्हणजे आपल्या धंद्यातली गोष्ट, म्हणून थोडं विस्ताराने. पडद्यावर अक्षरं आहेत. उजेड एकेका अक्षरावरून सरकतो. हवं ते अक्षर आलं की रिक डोक्याने बाजूचं बटण दाबतो. त्याच्या ताब्यात डोकं तेवढंच होतं. आता इंग्रजीची २६ अक्षरं एका रांगेत ठेवली तर 'झेड'साठी सव्वीस पावलं थांबावं लागेल. तीच ओळींत मांडली, आधी ओळ निवडायची आणि मग ओळीतलं अक्षर, तर पाच बाय सहाच्या चौकटीत कुठलंही अक्षर जास्तीत जास्त अकरा पावलांत मिळतं. नेहमी लागणारी अक्षरं वरच्या कोपऱ्यात आणली तर आणखी कमी. अशा यंत्रांमागचं तत्त्व एवढंच. इंजिनियरिंगला डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात असली गणितं आपण रटाळ तोंड करून सोडवली. पण ती एका दहा वर्षांच्या पोराचं तोंड असू शकतात, हे कुठल्याच सरांनी सांगितलं नाही.

पहिले शब्द काय असतील यावर घरात अंदाज बांधले जात होते. 'हाय मॉम' की 'हाय डॅड'? रिकने लिहिलं: 'गो ब्रुइन्स!' बोस्टनचा आइस हॉकीचा संघ. त्या वर्षी ते स्टॅनले कप जिंकले. म्हणजे इतकी वर्षं पोरगं घरच्यांबरोबर मॅच बघत होतं, त्याला सगळं कळत होतं आणि त्याचा एक संघसुद्धा ठरलेला होता! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. उठून माऊच्या खोलीत गेलो आणि उगाच उभा राहिलो.

पण यंत्र आलं म्हणून शाळेचं दार आपोआप उघडत नव्हतं. शाळा म्हणत, हा आमच्यात बसत नाही. ज्यूडी कायद्याच्या मागे लागली. अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकायचा हक्क देणारा 'चॅप्टर ७६६' हा मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९७२ साली झाला आणि १९७४ पासून लागू झाला. त्यासाठी झगडणाऱ्या पालकांत ती होती. १९७५मध्ये अमेरिकेने देशभरासाठी तसाच कायदा केला. रिक तेराव्या वर्षी शाळेत गेला. फॉरवर्डमध्ये हे का नव्हतं? कारण विधानसभेबाहेर कागद घेऊन ताटकळणाऱ्या बाईचा व्हिडिओ करून त्याला संगीत लावता येत नाही. पळणाऱ्या बापाला लावता येतं.

योगायोग असा की तेच १९७२ साल मुंबईचंही आहे. मिठू अलूर यांनी त्या वर्षी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीही आपल्या मुलीमुळे. मुलगी मालिनी चिब हिलाही सेरेब्रल पाल्सी. ती पुढे झेवियर्समध्ये शिकली, एका बोटाने टाइप करून तिने आत्मचरित्र लिहिलं. दोन बायका, दोन खंड, एकमेकींना ओळखत असण्याचं कारण नाही, आणि दोघींना एकाच दशकात एकच राग आला.

असो. पळण्याकडे येऊ.

१९७७चा वसंत. रिक पंधरा वर्षांचा. एक लॅक्रॉस खेळाडू अपघातात लुळा पडला होता, त्याच्या मदतीसाठी पाच मैलांची, म्हणजे आठ किलोमीटरची शर्यत होती. रिकने घरी येऊन यंत्रावर टाइप केलं की मला यात भाग घ्यायचाय. बाप ३६ वर्षांचा, नॅशनल गार्डमधला नोकरदार, लांब पल्ल्याचा धावपटू वगैरे अजिबात नाही. खुर्ची साधी व्हीलचेअर, पळवायला केलेलीच नव्हे. दोघांनी शर्यत पूर्ण केली, शेवटून दुसरे आले. रात्री रिकने बापाला सांगितलं की पळताना मला अपंग असल्यासारखं वाटत नाही.

यात मला एक गोष्ट फार आवडते. ती शर्यत रिकसाठी नव्हती. ती दुसऱ्या कोणासाठी तरी होती. ज्याच्यासाठी लोकांनी आयुष्यभर वर्गणी काढावी असं सगळ्यांना वाटत होतं, त्या पोराला दुसऱ्याच्या वर्गणीत आपला वाटा घालायचा होता.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. बोस्टन मॅरेथॉनवाले सुरुवातीला त्यांना अधिकृत मानायला तयार नव्हते. मग अट घातली की पात्रता वेळ गाठा, आणि तीही बापाच्या नाही, मुलाच्या वयोगटाची. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाने खुर्ची ढकलत विशीतल्या पोरांची वेळ काढायची! त्यांनी ती वॉशिंग्टनच्या मरीन कॉर्प्स मॅरेथॉनमध्ये काढून दाखवली. मॅरेथॉनमधली त्यांची सर्वोत्तम वेळ २ तास ४० मिनिटं ४७ सेकंद. मी एकटा, खुर्ची-बिर्ची न ढकलता, तेवढ्या वेळात अर्धी मॅरेथॉन कशीबशी पळेन. डिकला धड पोहता येत नव्हतं, तो पोहायला शिकला, कारण ट्रायथलॉन करायची होती. १९९२ साली दोघांनी पळत आणि सायकलवर आख्खी अमेरिका पार केली, ३,७३५ मैल, ४५ दिवस. एकूण शर्यती अकराशेच्या वर.

त्याच सुमारास 'पैसे जमवायला पळणं' ही गोष्टही आकार घेत होती. १९८०मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा कॅन्सरने गेलेल्या एका पायाच्या जागी कृत्रिम पाय लावून रोज जवळपास एक मॅरेथॉन पळत होता, १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १९८८मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका बापाने, ज्याच्या लेकीला ल्युकेमिया झाला होता, ३८ जण गोळा केले आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन पळून तीन लाखांवर डॉलर जमवले. त्यातून 'टीम इन ट्रेनिंग' उभी राहिली. २००४मध्ये सुरू झालेल्या आपल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये छातीवर संस्थांची नावं लावून पळणारे हजारो लोक दिसतात ती हीच परंपरा.

आणि रिक? १९९३मध्ये तो बोस्टन विद्यापीठातून पदवीधर झाला. विषय: विशेष शिक्षण. पुढे त्याने बोस्टन कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी केली. काम काय, तर डोळ्यांच्या हालचालींवर कर्सर फिरवणारी 'ईगल आइज' ही यंत्रणा. ज्या डोळ्यांवरून आईवडिलांनी त्याला ओळखलं, तेच! हे मी रचलेलं नाही, खरंच असं झालंय.

ज्यूडी आणि डिक पुढे वेगळे झाले. हेही फॉरवर्डमध्ये नव्हतं. २०१३मध्ये बापलेकांचा पुतळा मॅरेथॉनच्या आरंभस्थळाजवळ बसवला, आणि त्याच महिन्यात शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. हॉइट शेवटच्या टप्प्यात होते, त्यांना थांबवलं गेलं. म्हणून ७३ वर्षांच्या डिकने २०१४ला पुन्हा येऊन बोस्टन पूर्ण केली आणि मग थांबला. १७ मार्च २०२१ला तो गेला. रिक मे २०२३मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझी शीट उघडली आणि निदान तो 'पुस्तकातला महिना' कुठून येतो ते तपासलं. अर्नोल्ड गेझेल नावाच्या माणसाने येल विद्यापीठात बाळांचं चित्रीकरण करून अशा वेळापत्रकांचा पाया घातला. २००६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांची आकडेवारी दिली, त्यात दिल्लीची मुलंही होती. एकट्याने चालण्याची कक्षा ८.२ ते १७.६ महिने. आणि ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. २०२२मध्ये अमेरिकेने आपली यादी बदलताना रांगणं यादीतूनच काढून टाकलं. म्हणजे माझा एक लाल सेल तर असाच गेला. पण १७.६ च्या पुढे १९ येतात, हे काही बदलत नाही. तपासणी पुढच्या बुधवारी आहे. कक्षा बघून मी तीही रद्द करणार होतो की काय, अशी शंका बायकोला आली होती. नाही, जाणार आहोत.

पाच किलोमीटरला मला ४१ मिनिटं लागली. (हसू नका, चढ होता.) पैसे जमले एकतीस हजार चारशे, त्यात दीड खुर्ची येते. उरलेल्या अर्ध्या खुर्चीसाठी पुढच्या महिन्यात परत.

माऊला शर्यतीतलं एकच आवडलं, स्पीडब्रेकर. बाबागाडी उडाली की ती मोठ्याने हसायची आणि पुढचा येईपर्यंत मान वाकडी करून मागे माझ्याकडे बघत राहायची. रस्त्यात एकूण सात होते. पुढच्या वेळी मार्ग ठरवताना जास्त स्पीडब्रेकरवाला शोधायचाय. कोणाला माहीत असेल तर सांगा.